क्लबच्या स्पर्धा आणि गोल्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गोल्फ शिकवतो. क्लबच्या स्पर्धांची आखणी, टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) लावणं, शेवटी कार्डं तपासणं हेही माझ्याकडेच असतं. रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर), पार्किंगमध्ये आणि फोनवर लोक जे सतत विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांच्या नियमपुस्तकाप्रमाणे दिले आहेत. स्थानिक नियम प्रत्येक कोर्सचे वेगळे असतात, ते पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) जाण्याआधी फलकावर वाचून घ्या.

क्लब प्रोफेशनल म्हणजे नेमकं कोण? टीव्हीवर खेळतात ते आणि तुम्ही एकच का?

नाही. टूरवर खेळणारा प्रो बक्षिसाच्या पैशांवर जगतो. कट, म्हणजे शेवटच्या फेऱ्यांसाठीची निवड, हुकली की त्या आठवड्याची कमाई शून्य, आणि प्रवास, हॉटेल, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) सगळं पदरचं. क्लबचा प्रो शिकवण्यावर आणि क्लबच्या कामावर जगतो. दोघांनाही प्रोच म्हणतात, पण दिवस अगदी वेगळे जातात.

सुरुवातीला मात्र हे दोघं एकच होते. ओपन ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा पहिल्यांदा १८६० साली स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला झाली. त्यात आठच जण खेळले आणि आठही प्रोफेशनल होते. ओल्ड टॉम मॉरिसने १८६१ ते १८६७ या काळात ती चार वेळा जिंकली, पण त्याचं रोजचं काम कोर्स राखण्याचं आणि क्लब (म्हणजे खेळायच्या काठ्या) आणि चेंडू बनवण्याचं होतं. पुढे १९०१ मध्ये ब्रिटनमधल्या प्रोफेशनल लोकांनी आपली संघटना काढली, तिचं नाव पीजीए. त्या काळात क्लबच्या सभासदांना शिकवणाऱ्या माणसाला क्लबहाऊसमध्ये सहसा प्रवेश नसे. १९२० ची यूएस ओपन ओहायोमधल्या इन्व्हरनेस क्लबवर झाली, तेव्हा त्या क्लबने खेळाडू-प्रोंना क्लबहाऊस उघडून दिलं. त्या कृतज्ञतेपोटी प्रोंनी वर्गणी काढून क्लबला एक मोठं घड्याळ भेट दिलं. या पेशाला मान मिळायला असा वेळ लागला आहे, आणि नव्या पोरांना शिकवताना मी हे आवर्जून सांगतो.

अमेरिकेच्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये आजही २० जागा क्लबच्या प्रोंसाठी राखून असतात. २०२३ मध्ये ओक हिलला मायकेल ब्लॉक हा कॅलिफोर्नियातला क्लब प्रो त्या २० जणांतून आला, शेवटच्या दिवशी रोरी मॅकिलरॉयसोबत खेळताना पंधराव्या होलवर त्याने होल-इन-वन मारला, म्हणजे एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये टाकला, आणि तो संयुक्त पंधरावा आला. आठवडाभर शिकवण्या घेणारा माणूस मेजरमध्ये (सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत) पंधरावा येतो, हे बघून आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाचा ऊर भरून आला.

मला अजून नीट खेळता येत नाही. क्लबच्या स्पर्धेत नाव द्यावं का?

द्या. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि माझं उत्तर आजवर बदललेलं नाही. ‘आधी खेळ सुधारू दे, मग स्पर्धा’ असं म्हणणारे वर्षानुवर्षं रेंजवरच राहतात. रेंजवर जमीन सपाट असते, चेंडू सगळे एकाच जागेवरून मारायचे असतात आणि एखादा बिघडला तर पुढचा बादलीत तयार असतो. नेटमध्ये तास न् तास बॅटिंग करणारा पोरगा जसा मॅचमध्ये उतरल्याशिवाय फलंदाज होत नाही, तसंच आहे हे.

स्पर्धेत प्रत्येक फटका मोजला जातो. एका पायाखाली चढ, चेंडू डिव्होटमध्ये (आधीच्या फटक्याने उखडलेल्या जागेत), समोर वाळूचा बंकर आणि मागचे चौघे वाट बघतायत, अशा वेळी कुठला क्लब काढायचा, हे मी धड्यात शिकवू शकत नाही. ते तिथेच कळतं. शिवाय क्लबची स्पर्धा हँडिकॅपवर, म्हणजे खेळाच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांवर, होते. चोवीस हँडिकॅपचा माणूस सहा हँडिकॅपच्या माणसाला सरळ हरवू शकतो, आणि हरवतोही. दुसऱ्या कुठल्या खेळात नवशिक्याला ही सोय आहे?

एक पथ्य पाळा. नियमांची तोंडओळख असावी आणि खेळण्याची गती ठीक असावी. चेंडू लांब जातो की नाही, याला पहिल्या स्पर्धेत फारसं महत्त्व नाही.

हँडिकॅपचं गणित समजावून सांगाल का?

२०२० पासून जगभर एकच पद्धत सुरू झाली आहे. सुरुवातीला एकूण ५४ होलचे स्कोअर द्यावे लागतात, म्हणजे तीन पूर्ण राउंड, किंवा नऊ-नऊ होलचे तुकडे जोडूनही चालतं. पुढे तुमच्या शेवटच्या २० स्कोअरचा कोर्सच्या अवघडपणाशी फरक काढून त्यातले सर्वांत चांगले ८ घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. तो तुमचा हँडिकॅप इंडेक्स. जास्तीत जास्त ५४.० मिळतो, बायकांना आणि पुरुषांना सारखाच.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. इंडेक्स म्हणजे तुमचा सरासरी खेळ नव्हे. तो तुमच्या चांगल्या दिवसांचा आकडा आहे. त्यामुळे बहुतेक रविवारी तुम्ही हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळणार. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आता इंडेक्सवरून कोर्स हँडिकॅप काढायचा. इंडेक्सला त्या टीच्या स्लोप रेटिंगने (साधारण खेळाडूला कोर्स किती जास्त अवघड, त्याचा आकडा) गुणा, ११३ ने भागा आणि कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूला लागणारे फटके) पार (कोर्सचे ठरलेले फटके) वजा करून येणारा आकडा त्यात मिळवा. समजा इंडेक्स १८.४, स्लोप १२५, कोर्स रेटिंग ७१.२ आणि पार ७१ आहे. १८.४ गुणिले १२५ भागिले ११३ म्हणजे २०.३५, अधिक ०.२, म्हणजे २०.५५. कोर्स हँडिकॅप झाला २१. वैयक्तिक स्ट्रोक प्लेला (सगळे फटके मोजायच्या खेळाला) साधारणपणे ९५ टक्के धरतात, म्हणून त्या दिवशी खेळायला २० मिळतात. प्रत्येक होलवर एक, आणि स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ व २ असलेल्या दोन होलवर एक-एक जास्तीचा.

हे सगळं आता ॲपच करून देतं. तरी एकदा कागदावर स्वतः मांडून बघा. आपल्याला फटके कुठे मिळतात हे डोक्यात बसलं, की त्या होलवर उगाच धाडस करायची गरज राहत नाही. मिळालेले दोन फटके पाण्यावरून वूड (लांब मारायचा क्लब) मारण्यात घालवण्यापेक्षा छोट्या क्लबने पुढे काढा, तिथून ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) या आणि दोन पुटमध्ये (जमिनीवरून घरंगळवायच्या फटक्यांत) संपवा.

टी कुठली निवडू? मागच्या टीवरून खेळलं तरच खरा खेळ, असं म्हणतात.

असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पार चारच्या होलवर दोन चांगल्या फटक्यांत ग्रीन गाठता येईल, अशी टी निवडा. प्रत्येक टीला वेगळं रेटिंग असतं, त्यामुळे पुढून खेळलात म्हणून कोणावर अन्याय होत नाही. पंचाहत्तरीतले सभासद पुढच्या टीवर यायला संकोचतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे आलात तर खेळाची दहा वर्षं वाढतील.

स्टेबलफर्ड आणि मेडल यात नवशिक्याने काय निवडावं?

स्टेबलफर्ड. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्लिश डॉक्टरची ही पद्धत, वॉलसी क्लबवर १९३२ मध्ये रुळली. हँडिकॅपचे फटके वजा करून पार आला तर २ गुण, बोगीला (एक फटका जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४. डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य.

समजा पार चारच्या होलवर तुम्हाला दोन फटके मिळतात आणि तुम्ही सहा मारले. निव्वळ चार, म्हणजे पार, दोन गुण. दहा मारले असते तरी शून्यच, उणे काही नाही. शून्य ठरलं की चेंडू उचला आणि पुढच्या टीकडे चला. एक होल बिघडला म्हणून सगळी सकाळ वाया जात नाही. मेडलमध्ये म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये चेंडू होलमध्ये टाकावाच लागतो. न टाकता पुढच्या टीवरून फटका मारलात तर बाद.

रविवारी मित्रांबरोबर ८८ येतात, स्पर्धेत ९७. असं का होतं?

कारण ते ८८ पूर्ण मोजलेले नसतात. मी हे टोचायला सांगत नाही, पण रविवारची फोर-बॉल (चौघांचा खेळ) जवळून बघा. पहिल्या टीवर ड्राइव्ह झाडीत गेला की ‘अजून एक मार’. दोन फुटांचा पुट राहिला की ‘आहे, आहे, उचल’. चेंडू हरवला की तिथेच आसपास दुसरा टाकायचा आणि एक फटका लावायचा, प्रत्यक्षात नियमाने मागे जाऊन मारावं लागतं. अशा अठरा होलची बेरीज केली तर सहा-सात फटके सहज गळतात. मैत्रीतल्या मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या खेळात) पुट सोडून देणं नियमातच बसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो आकडा मनात धरून स्पर्धेला येऊ नका.

राहिलेले दोन-तीन फटके दडपणाचे. पहिल्या टीवर स्टार्टर नाव पुकारतो, मागे दहा-बारा लोक उभे असतात आणि ग्रिप आपोआप आवळली जाते. बोटांची पेरं पांढरी पडलेली मला लांबून दिसतात. ग्रिप आवळली की मनगटं अडतात, बॅकस्विंग अर्धवट राहतो आणि चेंडू उजवीकडे जातो. उपाय साधा आहे: पहिल्या टीवर ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) काढायलाच हवा असं नाही. डोळे झाकून ज्याच्यावर भरवसा टाकता येईल तो क्लब काढा, मग तो सात नंबरचा आयर्न का असेना.

आणि स्पर्धेच्या महिनाभर आधीपासून रविवारच्या खेळातही प्रत्येक पुट होलमध्ये टाका. सोबतचे कुरकुर करतील, करू देत. दोन फुटांचा पुट घालायची सवय हातांना असेल तरच स्पर्धेत तो हात थरथरत नाही.

क्लबच्या स्पर्धेत पंच का दिसत नाही?

बहुतेक वेळा पंच नसतोच. तुमचा स्कोअर लिहायला मार्कर असतो, म्हणजे सोबत खेळणारा. पण तो काही तुमच्या मागे मागे झाडीत येत नाही. तिथे चेंडू हलला का, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. नियमच सांगतात की दंड स्वतःचा स्वतः लावायचा.

१९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू फटक्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःला एक फटक्याचा दंड लावला, स्कोअर बरोबरीत आला आणि प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवायच्या जादा खेळात) तो विली मॅकफार्लेनकडून हरला. जोन्सने मेजर पुष्कळ जिंकल्या, पण मी मुलांना ही हरलेली स्पर्धा सांगतो.

हा खेळ माझ्या मनात इतका खोल रुतला आहे तो यामुळे. पस्तिशी-चाळिशीतली मोठ्या हुद्द्यावरची माणसं क्लबच्या मेडलमध्ये माझ्याकडे येऊन सांगतात, ‘सर, सातव्यावर चेंडू हलला होता, एक वाढवा.’ कोणी विचारलेलं नसतं. स्पर्धा भरवण्याचे सगळे कष्ट मला त्या वाक्यात वसूल झाल्यासारखे वाटतात.

कार्डाचा एवढा बाऊ का करता? बेरीज चुकली तर काय बिघडलं?

बेरीज चुकली तर काहीच बिघडत नाही, बेरीज करणं समितीचं काम आहे. तुमची जबाबदारी प्रत्येक होलच्या आकड्याची. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून कार्ड दिलंत, तर स्ट्रोक प्लेमध्ये बाद. जास्त लिहिला असेल तर तो जास्तीचाच कायम राहतो.

याची सगळ्यात क्लेशदायक गोष्ट १९६८ च्या मास्टर्स या मेजरची. अर्जेंटिनाचा रॉबेर्तो दे विचेन्झो शेवटच्या दिवशी अप्रतिम खेळला, ६५. सतराव्या होलवर त्याने तीन मारले होते, टीव्हीवर लोकांनी पाहिले होते. मार्कर टॉमी ॲरनने चुकून चार लिहिले, आणि दे विचेन्झोने न तपासता सही केली. ६५ चे ६६ झाले. प्लेऑफ व्हायचा होता तो झालाच नाही, बॉब गोल्बी एका फटक्याने विजेता ठरला. त्या दिवशी दे विचेन्झोचा वाढदिवस होता.

म्हणून राउंड संपल्यावर आधी सावलीत बसा. मार्करबरोबर एकेक होल मोठ्याने वाचा: ‘पहिला पाच, दुसरा चार, तिसरा सहा.’ मग सह्या करा आणि कार्ड लगेच टेबलावर द्या. कार्ड खिशात ठेवून चहाला जाऊ नका. हँडिकॅप कार्डावर लिहायचा राहिला तर घाबरायचं कारण नाही. २०२३ पासून ती जबाबदारी खेळाडूवर नाही, हँडिकॅपचे फटके समितीच धरते.

काही जण मुद्दाम हँडिकॅप वाढवून ठेवतात. क्लब काही करत नाही का?

पद्धतीतच थोडा बंदोबस्त आहे. इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त फटक्यांनी चांगला स्कोअर आला तर इंडेक्स आणखी एकाने उतरतो, १० किंवा जास्त असेल तर दोनाने. वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा ५ हून जास्त वर जाताच येत नाही. शिवाय क्लबची हँडिकॅप समिती नोंदी बघून फेरफार करू शकते.

पण खरा इलाज सभासदांच्या हातात आहे. चांगल्या दिवसाचं कार्ड न देता फक्त वाईट दिवसाची कार्डं देणारा माणूस सोबतच्या तिघांना माहीत असतो. ते तिघं गप्प बसतात म्हणून हे चालतं. ट्रॉफी घरी नेणाऱ्याबद्दल पाठीमागे कुजबुजण्यापेक्षा समितीकडे या. मला हा प्रकार चोरीच वाटतो, त्याला सौम्य शब्द वापरायची माझी तयारी नाही. शंभर जण पहाटे उठून प्रामाणिकपणे खेळतात, त्यांच्या सकाळची ही चोरी आहे.

स्पर्धेत कॅडीने किती मदत करायची असते?

भरपूर, आणि ती घ्यायला शिका. राउंडमध्ये सल्ला फक्त स्वतःच्या कॅडीचा आणि जोडीने खेळत असाल तर जोडीदाराचा घेता येतो. सोबतच्या प्रतिस्पर्ध्याला ‘कुठला क्लब मारलास?’ असं विचारलंत तर दोन फटके दंड. झेंडा किती यार्डांवर आहे, हे मात्र कोणालाही विचारा, ती सर्वांसाठी खुली माहिती आहे.

आपल्याकडच्या कॅडींची एक जुनी सवय आता नियमात बसत नाही. साहेब उभे राहिले की मागे उभं राहून ‘थोडे डावीकडे, बास’ असं सांगायचं. २०१९ पासून, तुम्ही फटक्यासाठी पवित्रा घ्यायला लागल्यावर कॅडीने तुमच्या मागे, चेंडूच्या रेषेत उभं राहून ही मदत करायची नाही. चुकून उभा राहिला तर पवित्रा सोडा, बाजूला व्हा, त्याला हटवा आणि पुन्हा उभे राहा. फटका मारण्याआधी एवढं केलंत तर दंड नाही.

ग्रीनवर तर जुना कॅडी म्हणजे निम्मा खेळ. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीन बर्म्युडा गवताच्या आहेत आणि या गवताला कल असतो. चेंडूमागे उभं राहून होलकडे बघितलं की गवत चकाकताना दिसलं तर ते पुढे झुकलेलं आहे, चेंडू पळणार. गडद हिरवं, मंद दिसलं तर ते तुमच्याकडे झुकलेलं, जोर लागणार. दुपारी उशिरा होलचा काठ वाकून बघा. एका बाजूचा काठ रेखीव असतो, दुसऱ्या बाजूचा झिजून पिवळट झालेला. गवत त्या झिजलेल्या बाजूकडे वाढतंय. अनुभवी कॅडी हे न वाकताच सांगतात: ‘सर, उतार उजवीकडे दिसतोय, पण जाणार नाही. सरळच ठेवा.’ ऐका त्यांचं.

भारतीय गोल्फमध्ये या लोकांचं स्थान काय, हेही लक्षात ठेवा. इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली. १९६५ मध्ये पी. जी. सेठींनी अमॅच्युअर म्हणून ती जिंकली. पुढचा भारतीय विजेता व्हायला १९९१ उजाडलं, आणि तो होता दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडीचं काम करून वर आलेला अली शेर. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर होते. तिथेच बघत-खेळत मोठा झालेल्या या मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. तेव्हा कॅडीला नावाने हाक मारा, वयाने मोठे असतील तर ‘काका’ म्हणा, आणि हिशोब राउंड संपताच चुकता करा.

पावसाळ्यात स्पर्धा असतात का? चेंडू चिखलात रुतला तर काय?

असतात, पाऊस फार झाला तर रद्द होतात. चेंडू स्वतःच्याच टप्प्याने पडलेल्या खळग्यात रुतला असेल तर जनरल एरियात (टी, ग्रीन, बंकर आणि पाण्याच्या जागा सोडून बाकीच्या कोर्सवर) फुकट सुटका मिळते. उचला, पुसा, खळग्याच्या लगेच मागची जागा धरून एका क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. खांद्याच्या उंचीचा नियम २०१९ ला गेला. साचलेल्या पाण्यात चेंडू किंवा तुमचे पाय येत असतील तरीही फुकट सुटका आहे. बंकरमध्ये रुतला तर मात्र ही सवलत नाही.

चेंडूला नुसता चिखल लागला म्हणून फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) उचलून पुसता येत नाही. समितीने तसा स्थानिक नियम लावला असेल तरच. फलकावर ‘प्रिफर्ड लाइज’ (म्हणजे ही परवानगी) लिहिलेलं आहे का ते बघा, आणि किती अंतर दिलंय तेही बघा.

विजांच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, दोन्ही दुपारनंतर गडगडाट घेऊन येतात. एक लांब भोंगा वाजला की त्या क्षणी थांबायचं. ‘एवढा पुट टाकतो’ म्हणून मारलात तर बाद ठराल. भोंगा वाजला नाही पण तुम्हाला स्वतःला विजेचा धोका वाटतोय, तरी खेळ थांबवायचा हक्क नियमाने दिलेला आहे. छत्री मिटा, बॅग तिथेच ठेवा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या इमारतीत या.

नियमांत लोक सर्वांत जास्त कुठे चुकतात?

प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या पर्यायी, चेंडूत. चेंडू हरवला किंवा आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला असेल असं वाटलं, तर दुसरा चेंडू मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल मारतोय’ असं स्पष्ट बोला. न बोलता मारलात तर तोच चेंडू खेळात येतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला तीन मिनिटं आहेत, पाच नाहीत.

बाकी थोडक्यात: बॅगेत चौदाच क्लब, मुलाचा वेज (छोट्या, उंच फटक्याचा क्लब) चुकून राहिलाय का ते आधी मोजून घ्या. बंकरमध्ये सुटी पानं-काटक्या काढता येतात, पण सरावाचा स्विंग वाळूला लागता कामा नये. रेंजफाइंडर चालतो, त्यातला चढ-उतार सांगणारा भाग बंद ठेवायचा. झेंडा होलमध्येच ठेवून पुट केला तरी चालतं.

खेळ फार रेंगाळतो. माझ्यामुळे उशीर होतोय, हे कसं ओळखू?

पुढच्या चौघांकडे बघा, मागच्यांकडे नाही. ते एका होलने पुढे गेले असतील तर तुम्ही मागे पडला आहात. नियमपुस्तक एका फटक्याला ४० सेकंदांच्या आत मारायला सांगतं. स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार आहे आणि ज्याच्यापासून कोणाला धोका नाही, त्याने आधी मारावं. दुसरा कोणी पुट करत असताना तुम्ही आपली रेषा वाचून ठेवा, आणि बॅग पुढच्या टीच्या बाजूला ठेवा.

जिंकलो तर पैसे मिळतात का?

हँडिकॅपच्या स्पर्धेत अमॅच्युअर खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. ट्रॉफी, व्हाउचर, वस्तू चालतात. स्पॉन्सर आग्रह करत असेल तर आधी समितीला विचारा, नाहीतर अमॅच्युअर दर्जा जाईल.

मुलाला किंवा मुलीला गोल्फमध्ये पुढे आणायचं आहे. कधीपासून स्पर्धा खेळवाव्यात?

आठ-नऊ वर्षांपासून, नऊ होलच्या, छोट्या टीवरून. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर, आणि लष्कराच्या कोर्सवर तो लहानपणीच खेळायला लागला. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. त्याच ऑलिंपिकमध्ये आदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं आणि त्या सकाळी गोल्फ कधी न पाहिलेले लोक देशभर टीव्हीसमोर बसले होते. दीक्षा डागरला ऐकू येत नाही, तिने डेफलिंपिक्समध्ये सुवर्ण मिळवलं आणि व्यावसायिक स्पर्धांतही नाव कमावलं.

ही नावं ऐकून पालकांचे डोळे चमकतात, म्हणून पुढचं सांगतो. राउंड संपल्यावर मुलाला पहिला प्रश्न ‘किती मारले?’ असा विचारू नका. त्याला त्या एका प्रश्नाची धास्ती बसते आणि कार्डावर एखादा फटका कमी लिहायचा मोह तिथूनच सुरू होतो. ‘कुठला फटका चांगला बसला?’ असं विचारा. स्कोअर त्याला माहीत आहे. मुलांच्या स्पर्धेत पालक दोरीबाहेरून खुणा करताना दिसले तर मी त्यांना क्लबहाऊसमध्ये पाठवतो, आणि यापुढेही पाठवीन.

मी कुठल्याच क्लबचा सभासद नाही. मग काय करू?

ड्रायव्हिंग रेंजवर सुरुवात करा, तिथे सभासदत्व सहसा लागत नाही. सात नंबरचा आयर्न, एक वेज आणि पुटर एवढं पुरतं, तेही सुरुवातीला भाड्याने किंवा मागून आणा. नवी मुंबईत सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स लोकांसाठी खुला आहे, ग्रीन फी भरून खेळता येतं. बऱ्याच क्लबमध्ये सभासदाचा पाहुणा म्हणून जाता येतं. आपल्या राज्यात असे खुले कोर्स फारच कमी आहेत, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. ज्या मुलाचे वडील सभासद नाहीत त्याला आजही हा खेळ बहुधा बॅग उचलूनच दिसतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे धडा घेऊ का?

नको. आदल्या दिवशी स्विंग बदलला तर सकाळी डोक्यात चार सूचना आणि हातात एकही नाही, अशी अवस्था होते. अर्धा तास पुटिंग करा आणि घरी जा. धडा स्पर्धेनंतरच्या आठवड्यात घ्या, कार्ड सोबत आणा. कुठल्या होलवर काय झालं ते कार्डावर दिसतं आणि मला नेमकं काय शिकवायचं ते कळतं.

सकाळी किती आधी यावं?

टी टाइमच्या पाऊण तास आधी. वीस मिनिटं पुटिंग ग्रीनवर द्या, कारण डिसेंबरच्या दवात ग्रीन संथ असते आणि एप्रिलमध्ये तीच काचेसारखी पळते. मग पंधरा-वीस चेंडू रेंजवर, छोट्या क्लबने सुरुवात करून. पाणी, टोपी, दोन जादा चेंडू, ग्रीनवर चेंडूची जागा खुणावायला छोटी चकती (तिलाही मार्करच म्हणतात) आणि पिच मार्क (चेंडू पडून ग्रीनवर झालेला खळगा) नीट करायचा काटा जवळ ठेवा. आपल्या चेंडूवर पेनने ओळखीची खूण करा आणि पहिल्या टीवर सोबतच्यांना ती दाखवा. टी टाइम ६:४० असेल तर ६:४० ला तुम्ही टीवर, खेळायला तयार असायला हवं. उशीर पाच मिनिटांच्या आतला असेल तर दोन फटके दंड, त्याहून जास्त झाला तर बाद.